जुनी स्कँडिनेव्हियन शिडाची नौका : खरेदीपूर्वी काय पाहावे

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंड या देशांत शिडाची नौका ही केवळ धनिकांच्या मिरवण्याची वस्तू राहिलेली नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत फायबरग्लासच्या साच्यांतून नौका निघू लागल्या, त्यांच्या किमती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आणि शिक्षक, कारागीर, कारकून अशी हजारो कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह समुद्रावर राहू लागली. ती पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या नौका मात्र बंदरांत आणि घरामागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या आहेत आणि त्यांतील पुष्कळ विक्रीला आहेत. नोकरीनिमित्त त्या देशांत स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांनाही, मराठी कुटुंबे त्यांत आलीच, अशा जाहिराती भुरळ घालतात. जुन्या मोटारीच्या किमतीत चौघांना झोपता येईल अशी नौका मिळत असेल तर मन वळणे स्वाभाविकच आहे.

अडचण अशी की, जाहिरातीत लिहिलेली किंमत ही एकूण खर्चातील बहुधा सर्वांत लहान रक्कम असते. नवे डिझेल इंजिन, डोलकाठीच्या तारांचा नवा संच, कुजलेल्या डेकची दुरुस्ती यांपैकी कोणतेही एक काम लहान जुन्या नौकेच्या किमतीहून महाग पडू शकते. ‘फुकट’ म्हणून दिली जाणारी नौका तर अधिकच जपून पाहावी लागते, कारण ती निकामी ठरली तर मोडीत काढण्याचा खर्च नव्या मालकाच्या माथी येतो.

कोणत्या नौका, कोणत्या वयाच्या

या बाजारात काही नावे वारंवार भेटतात. पेर ब्रोहेल यांनी रेखाटलेली ‘अल्बिन वेगा’ ही ८.२५ मीटर लांबीची स्वीडिश नौका १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७९ पर्यंत बांधली जात होती. सुमारे ३,४५० वेगा पाण्यात उतरल्या. टोर्ड सुंडेन यांची ‘आयएफ’, म्हणजे १९४० च्या दशकातील लाकडी फोकबोटीचा फायबरग्लासमधील अवतार, तीन हजारांहून अधिक संख्येने निघाली. ओरुस्ट बेटावरील ‘हालबर्ग-रासी’ या कारखान्याने ओले एंडर्लाइन यांच्या आराखड्यावर ‘मॉन्सून ३१’ बांधली. १९७४ ते १९८२ या काळात तिच्या ९०४ प्रती निघाल्या. नाव ओळखीचे वाटले तरी हा मॉन्सून आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचाच. डेन्मार्कमधील ‘एलएम’ नौका एका फर्निचर कारखान्यातून आल्या आणि त्यांच्या आतील सुतारकामात ते आजही दिसते. काटेकोरपणे पाहता फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही. नौकांच्या बाजारात मात्र हा भेद कोणी पाळत नाही, आणि काचेची बंदिस्त सुकाणूखोली असलेल्या फिनिश ‘नॉटिकॅट’ याच यादीत धरल्या जातात.

या नौकांची कवचे जाड आहेत. फायबरग्लास नवे असताना बांधणाऱ्यांनी त्यावर पूर्ण विश्वास न टाकता थर थोडे जास्तच चढवले, त्याचा लाभ आजच्या मालकांना मिळतो. मॅट रदरफोर्ड या अमेरिकी खलाशाने २०११–१२ मध्ये जुन्या अल्बिन वेगातून उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांना एकट्याने, कोठेही न थांबता प्रदक्षिणा घातली. विक्रेते हा दाखला आवडीने देतात. त्यावरून वेगाच्या आराखड्याची क्षमता कळते. आठ वर्षे अंगणात पडून राहिलेल्या दुसऱ्या एखाद्या वेगाची अवस्था कळत नाही.

डेक वाजवून पाहावा

जुन्या नौकेचा पहिला शत्रू समुद्राचे पाणी नसून पावसाचे पाणी असते. डेक हलका आणि ताठ व्हावा म्हणून पुष्कळ नौकांत फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम भरलेला असतो. डेकवर बसवलेल्या प्रत्येक कडीसाठी, खांबासाठी, दोराच्या प्रत्येक खुंटीसाठी या थरांतून भोक पाडलेले असते. भोकाभोवतीचा लांबीसारखा लेप पंधरा-वीस वर्षांत सुकतो आणि पाणी मधल्या थरात झिरपू लागते. बाल्सा आणि प्लायवूड कुजतात. फोम कुजत नसला तरी थरांपासून सुटतो. त्यात उत्तरेकडचा हिवाळा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते, म्हणून अडकलेले पाणी दर हिवाळ्यात पाचर मारल्यासारखे थर वेगळे करत जाते.

तपासणी सोपी आहे. बाजारात नारळ वाजवून घेतात तसा डेक वाजवून घ्यावा. प्लास्टिकच्या लहान हातोडीने किंवा पेचकसाच्या मुठीने हातभर अंतरावर ठोकत गेल्यास धड भागातून टणत्कार येतो, सुटलेल्या भागातून भदभद असा पोकळ आवाज येतो. पायाखाली डेक दबत असेल तर ठोकण्याचीही गरज उरत नाही. ओलावा मोजण्याचे यंत्र उपयोगी आहे, पण थंडीत त्याच्या आकड्यावर फारसे विसंबू नये; गोठलेले पाणी त्याला नीट दिसत नाही.

सागवानी डेक असलेली नौका पाहताना अधिक संशयी राहावे. जुन्या पद्धतीत सागाच्या पट्ट्या स्क्रूने खालच्या फायबरग्लासवर बसवत आणि स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच ठोकत. म्हणजे एकाच डेकला शेकडो भोके. साग झिजून बुचे निघू लागली आणि स्क्रूंची डोकी वर दिसू लागली की त्या डेकचे आयुष्य संपत आले असे समजावे. नवा सागवानी डेक हे फार खर्चाचे काम आहे. कित्येक मालक साग काढून टाकतात आणि भोके बुजवून रंगवलेला डेक करतात. दिसायला तो साधा असतो, पण निर्धोक असतो. खरेदीदाराच्या दृष्टीने असा डेक हा दोष न मानता गुणच मानावा.

वेगाच्या बाबतीत डोलकाठीखालचा भाग स्वतंत्रपणे पाहावा लागतो. तिची डोलकाठी तळापर्यंत न जाता डेकवरच उभी असते आणि तिचा भार खालच्या आडव्या तुळईवर व आडभिंतीवर येतो. तारा ताणून ताणून ही तुळई अनेक नौकांत वाकली आहे. लक्षणे घरातल्या खचलेल्या चौकटीसारखीच असतात: आतले दार घासते किंवा लागतच नाही, डोलकाठीच्या पायाभोवती डेक किंचित खोलगट दिसतो, तारा घट्ट केल्या तरी पुन्हा सैल पडतात. दुरुस्ती अवघड नाही. पुष्कळ मालकांनी ती उत्तम केली आहे. ती झाली आहे की नाही, एवढेच विचारून आणि पाहून घ्यावे.

याच्या उलट, छताला चिकटवलेले फोमचे अस्तर लोंबू लागलेले दिसते तेव्हा खरेदीदार बिचकतात. सत्तरच्या दशकातील स्वीडिश नौकांत हे सर्रास आढळते. काम कंटाळवाणे आहे, हात चिकट होतात, पण नौकेच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध नाही. लोंबणारे अस्तर पाहून नौका नाकारणारा माणूस कित्येकदा खालच्या कीलकडे वाकूनही पाहत नाही.

खडकाचा घाव

आपल्या किनाऱ्यावरचे जुने जहाजबांधणी कारागीर ज्याला पठाण म्हणत, तो नौकेच्या तळाचा कणा या नौकांत वजनदार कीलच्या रूपात असतो. ओतीव लोखंड किंवा शिसे वापरून केलेले हे वजन वाऱ्याने झुकलेली नौका पुन्हा उभी करते. मॉन्सून ३१ चे एकूण वजन सुमारे ४.२ टन असून त्यांतील १.९ टन कीलचे आहे. काही नौकांत, उदाहरणार्थ वेगात, हे वजन फायबरग्लासच्या पोटातच बंद केलेले असते. काहींत ते खालून जाडजूड बोल्टांनी जोडलेले असते.

स्कँडिनेव्हियात या जोडाची तपासणी इतर कोठल्याही तपासणीहून महत्त्वाची ठरते, कारण तिथला समुद्रतळ चिखलाचा किंवा वाळूचा नसून बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइटचा आहे. एकट्या स्टॉकहोमच्या द्वीपसमूहात लहानमोठी सुमारे ३०,००० बेटे आणि खडक मोजले जातात आणि पाण्याखाली लपलेले खडक वेगळेच. चाळीस-पन्नास वर्षे वापरलेली तिथली नौका एकदाही खडकाला लागली नसेल हे संभवतच नाही. विक्रेता ‘हलकासा स्पर्श झाला होता’ म्हणतो, तेव्हा कित्येक टनांची नौका काही इंचांत थांबली होती, एवढा अर्थ त्यातून घ्यावा.

घाव कोठे शोधायचा हे धक्क्याच्या दिशेवरून ठरते. कीलचे खालचे पुढचे टोक खडकावर आपटते, कील मागे ढकलली जाते आणि तिची मागची वरची कड नौकेच्या तळात वर घुसू पाहते. म्हणून कीलच्या पुढच्या खालच्या बाजूला ठेचल्याची खूण किंवा लांबी भरल्याचा डाग दिसला की नौकेच्या आत जाऊन कीलच्या मागच्या टोकाच्या वरची जमीन उघडावी. तिथल्या आडव्या बळकटीच्या पट्ट्यांना तडे गेले आहेत का, त्या कवचापासून सुटल्या आहेत का, रंग अलीकडेच आणि नेमका तेवढ्याच भागात लावला आहे का, हे विजेरीच्या उजेडात पाहावे. बाहेरून कील आणि कवच यांच्या सांध्यात पुढच्या बाजूला फट दिसणे किंवा गंजाचे ओघळ येणे ही दुसरी खूण. नौका उचलताना आणि ठोकळ्यांवर टेकवताना ही फट उघडते-मिटते का, हे पाहण्याची संधी सोडू नये.

हे दुर्लक्षिले तर काय होते, याचे उदाहरण स्कँडिनेव्हियाबाहेरचे आहे. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ ही फ्रेंच बनावटीची ब्रिटिश नौका अटलांटिक ओलांडत असताना तिची कील निखळली, नौका उलटली आणि चारही खलाशी मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने आपल्या अहवालात आधी तळ लागल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांकडे लक्ष वेधले. बाहेरून ती नौका ठीकठाकच दिसत होती.

कवचावरील फोडांची मात्र उगीच धास्ती घेतली जाते. बाहेरच्या जेलकोटमधून पाणी सूक्ष्म प्रमाणात आत झिरपते, फायबरग्लासमधील विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिसळते आणि ते दाट द्रावण आणखी पाणी ओढून घेते. त्यातून फोड उठतात. फोडल्यास व्हिनेगरसारखा वास येतो. बाहेरचे पाणी जितके कमी खारट, तितकी ही ओढ जास्त. स्टॉकहोमजवळ बाल्टिकच्या पाण्यात हजारी सहा-सात भागच मीठ असते, महासागरात पस्तीस. तरीही तिथल्या नौका फोडांपासून बऱ्याच बचावतात, कारण बर्फापासून वाचवण्यासाठी त्या ऑक्टोबरच्या सुमारास पाण्याबाहेर काढून एप्रिल-मेपर्यंत जमिनीवर ठेवल्या जातात आणि तेवढे महिने वाळतात. तुरळक फोड हे भाव कमी करून घेण्याचे कारण आहे. सहसा नौका नाकारण्याचे नाही.

सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवावे. खडखड झाली तर धारव्यांची झीज, आणि नौका बाहेर काढून कित्येक आठवडे लोटल्यावरही सुकाणूच्या खालच्या कडेतून तांबूस पाणी ठिबकत असेल तर आतील लोखंडी सांगाडा गंजत आहे.

थंड इंजिन

इंजिन पाहायला जाण्यापूर्वी ते सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. गेल्यावर प्रथम त्यावर हात ठेवावा. ते गरम लागले तर प्रश्न विचारण्यास जागा आहे, कारण जुन्या डिझेल इंजिनाचे दुखणे थंड असतानाच उघडे पडते. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही किंवा इंजिनावर भार जास्त आहे. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. पांढरा धूर सुरुवातीला थोडा वेळ चालेल; तो थांबत नसेल तर न जळलेले इंधन किंवा सिलिंडरात शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा. तेलाची पट्टी ओढल्यावर तेल दुधाळ दिसले तर पुढे पाहण्याची गरज नाही.

या नौकांत बहुधा व्होल्वो पेंटाची जुनी इंजिने भेटतात. मॉन्सूनमध्ये मूळचे एमडी ११ सी, वेगाच्या नंतरच्या नौकांत एमडी ६. ही इंजिने दणकट, पण त्यांतली पुष्कळशी समुद्राच्या पाण्यानेच थंड होणारी आहेत. म्हणजे चार-पाच दशके खारे पाणी त्यांच्या पोटातून फिरत आले आहे. आतला गंज बाहेरून दिसत नाही. पूर्ण भार दिल्यावर तापमान चढू लागले की तो कळतो. म्हणून इंजिन धक्क्याला बांधलेल्या नौकेवर गिअर टाकून अर्धा तास तरी जोरात चालवावे. शेवटच्या हिवाळ्यापूर्वी पाणी काढले होते का, गोठणरोधक द्रव भरला होता का, हे विचारावे. एकाच वर्षी हे राहून गेले तरी ओतीव लोखंड तडकते. काही वेगांत पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा आहे. एकाच दांड्याने पुढे, मागे आणि वेग असे सारे काम होते. ती चालू असेल तर गंमतीची, झिजलेली असेल तर सुटे भाग शोधण्याची तयारी हवी.

कवचाच्या तळातून खाली जाणारे सेलड्राइव्ह असेल तर त्याभोवतीच्या रबरी पडद्याचे वय विचारावे. व्होल्वो पेंटा तो दर सात वर्षांनी बदलण्यास सांगते. नौकेत समुद्र शिरू न देणारी तीच एक रबरी भिंत आहे, आणि तिची पावती विक्रेत्याकडे क्वचितच असते.

कवचातील पाण्याच्या झडपा प्रत्येकी उघडून-मिटवून पाहाव्यात. स्वस्त पितळेच्या झडपांतील जस्त खाऱ्या पाण्यात निघून जाते आणि उरलेले तांबे गुलाबी, ठिसूळ होते. अशी झडप हाताच्या जोरानेही तुटू शकते.

तारा आणि शिडे

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस तारा बाहेरून चकाकत राहतात आणि आतून थकतात. दहा ते पंधरा वर्षांत त्या बदलाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि विमा देणारेही त्यांचे वय विचारतात. तारेवरून मऊ कापड फिरवल्यास तुटलेला धागा कापडाला अडकतो. वायरी ज्या धातुपट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट डेकमधून जिथे खाली उतरतात, तिथे आतल्या लाकडावर काळे डाग आहेत का हे पाहावे. शिडे शक्य असल्यास गवतावर पसरून पाहावीत. कापड नव्यासारखे करकरीत न लागता धोतरासारखे मऊ पडले असेल तर ती वाऱ्यात ओढतील, पण आकार धरणार नाहीत.

कुटुंबासाठी आणि कागदपत्रांसाठी

मुलांना घेऊन जायचे असेल तर कॉकपिट खोल हवे, काठावरच्या तारा गुडघ्याला लागून माणसाला बाहेर फेकतील इतक्या बुटक्या नसाव्यात आणि सुकाणूवरच्या माणसाला वारा-पाण्यापासून आडोसा हवा. हालबर्ग-रासीच्या नौकांवरील पुढची पक्की काच याच गरजेतून आली. जुलैतही तिथल्या रात्री गार असतात, म्हणून डिझेलवर चालणारा हीटर हा ऐषआराम मानू नये. तिथे नांगरण्याची रीतही निराळी आहे: मागच्या बाजूने नांगर टाकून नौकेचे पुढचे टोक थेट खडकाला लावतात आणि पुढूनच उतरतात. मागे नांगराची सोय आणि पुढे लहान शिडी नसेल तर ती नौका त्या बेटांत कधी नीट वापरली गेली का, असा प्रश्न पडावा.

स्वयंपाकाच्या गॅसची टाकी अशा कप्प्यात हवी की गळती झाल्यास गॅस नौकेबाहेर वाहून जाईल. तो हवेपेक्षा जड असल्याने आत शिरला तर तळाशी साचतो. स्वीडनमध्ये १ एप्रिल २०१५ पासून विहारनौकांतील शौचालयाचा मैला समुद्रात सोडण्यास बंदी आहे, म्हणून मैला साठवण्याची टाकी आणि ती किनाऱ्यावर उपसण्याची जोडणी पाहून घ्यावी. तळाच्या जुन्या रंगाचाही प्रश्न आहे. जलचर चिकटू नयेत म्हणून पूर्वी कथिलाची विषारी संयुगे असलेला रंग लावत. लहान नौकांवर त्याला १९८९ पासून बंदी असली तरी जुने थर वरच्या रंगाखाली टिकून आहेत. काही बंदरे असा रंग खरवडून काढल्याशिवाय जागा देत नाहीत, आणि धूळ उडू न देता ते खरवडणे हे स्वतंत्र खर्चाचे काम आहे.

स्वीडनमध्ये लहान विहारनौकांची सक्तीची मालकी-नोंदणी नाही. म्हणून मालकी सिद्ध करणारी गोष्ट म्हणजे आधीच्या विक्रीकरारांची साखळी. कवचावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक त्या कागदांशी जुळवून पाहावा, नौका चोरीच्या नोंदीत नाही याची विमा कंपनीकडून खात्री करावी आणि तिच्यावर कर्ज नाही असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. नॉर्वे युरोपीय संघात नाही. तिथून स्वीडनमध्ये आणलेल्या नौकेवर आयातीचा २५ टक्के मूल्यवर्धित कर लागू होऊ शकतो, आणि जाहिरातीतील स्वस्ताईचा मोठा भाग तिथेच संपतो.

स्वतः दिवसभर पाहून नौका पसंत पडली, तरच सर्व्हेअरला बोलवावे. त्याची निवड खरेदीदाराने करावी. विक्रेत्याने सुचवलेला माणूस कितीही सज्जन असला तरी टाळावा. स्वस्तातले बरेच सौदे शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात ठरतात. तेव्हा नौका जमिनीवर असते, म्हणून कील, सुकाणू आणि कवच यांची तपासणी उत्तम होते. पण इंजिन भार देऊन चालवता येत नाही, शिडे उभारता येत नाहीत, डोलकाठी आडवी ठेवलेली असते. अशा वेळी करारात स्पष्ट लिहून घ्यावे की नौका मे महिन्यात पाण्यात उतरल्यावर इंजिन आणि शिडे चालवून पाहिली जातील, तोवर किमतीचा ठरावीक भाग राखून ठेवला जाईल, आणि दरम्यानचे जागाभाडे व विमा कोणी भरायचा.